केळीतून जाणारी वाट

पारोळ्याच्या थांब्यावरून एसटी सुटली, आणि धक्क्यासरशी मागच्या बाकाखालून काहीतरी घरंगळत येऊन यामिनीच्या चपलेला टेकलं. तिने वाकून उचललं. फासाच होता तो, पण निळा, काचेसारखा आरपार दिसणारा, वीस त्रिकोणी बाजूंचा. हा आकार तिने फक्त एम.एस्सी.च्या पुस्तकात, विषाणूच्या कवचाच्या चित्रात पाहिला होता. तो असा तळहातावर येऊन बसेल आणि उन्हात निळी सावली पाडेल, असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

"माझा आहे तो," मागून कुणीतरी म्हणालं.

ती फासा फिरवून बघतच राहिली. "समोरासमोरच्या बाजूंची बेरीज... दर वेळी एकवीस येते."

मग तोच आवाज, जरा खजील — "दोन वर्षं खेळतोय, पण हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आणि मी गणित शिकवतो."

सुकदेव त्याचं नाव. धुळ्याच्या एका शाळेत शिक्षक. दर रविवारी तो जळगावला मित्राकडे खेळायला येई. कसला खेळ, ते त्याने जळगाव येईपर्यंत सांगितलं. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने जग सांगायचं, बाकीच्यांनी त्यात राहायचं. धाडस करायचं असलं की फासा टाकायचा. जमलं की फसलं, ते फासा सांगणार. जमत गेलं की एकेक पायरी वर चढायचं, नवे मंत्र मिळवायचे. पुण्याच्या मावसभावाने पाठवलेल्या झेरॉक्स पानांवर सगळे नियम होते. यामिनी उतरली तेव्हा तिला कळलं, की आपण फासा अजून परत दिलेला नाही.

पुढच्या रविवारी ती तो द्यायला गेली आणि तिथलीच झाली.

मित्र म्हणजे हारुन. त्याच्या वडिलांचं बांगड्यांचं दुकान होतं. दुकानाच्या माडीवर, लाखेच्या वासात खेळ चाले. हारुन साधक व्हायचा. त्याची बहीण जैनब जादूगारीण व्हायची, आणि तिला कुठल्याही अडचणीवर आग लावणं हाच उपाय सुचायचा. यामिनी वनचरी झाली, झाडांची भाषा जाणणारी. सुकदेव जग सांगायचा. खाली रस्त्यावर रिक्षांचा गोंगाट असायचा, आणि वर त्याने हलक्या आवाजात बर्फाचा डोंगर उभा केला, की चौघं खरोखर अंग चोरून बसत. बोलता बोलता तो मधेच थांबे, यामिनीकडे बघे, आणि डोंगर तेवढा वेळ अर्धाच राही...

डिसेंबरात तिला बंगळूरला संशोधनाची जागा मिळाली. महिन्याभरात निघायचं होतं. तिने माडीवर कुणालाच सांगितलं नाही. फक्त त्या रविवारी विचारलं, की माझ्या वनचरीला दूर जाण्याचा मंत्र कधी मिळणार?

सुकदेवने पानं चाळली. जैनबला नवव्या पायरीला, हारुनला आणि तिला अकराव्या. ती तर अजून तिसरीवर होती.

"असं का पण?"

"नियम आहे."

"नियम का आहे?"

"तुला उत्तर सापडलं की तू काय करतेस गं?"

"पुढचं 'का' शोधते."

"म्हणजे माझी सुटका नाही," तो म्हणाला. हारुन उगाचच खोकला.

आठवडाभर ते 'का' तिच्या डोक्यात राहिलं. रविवारी तिने सगळ्यांना फैजपूरला, नानांच्या, म्हणजे वडिलांच्या केळीच्या बागेत नेलं. बाहेर दुपारचं लख्ख ऊन. दोन पावलं आत गेलं की हिरवा अंधार आणि गारवा. जैनब आणि हारुन पाटाकडे गेले. सुकदेव मान वर करून उभाच राहिला. बाजरी-कापसाच्या गावचा तो. केळीच्या बागेत पहिल्यांदाच आला होता. बी कधी पेरता, असं त्याने विचारलं, तेव्हा यामिनी मनापासून हसली.

मग तिने सांगायला सुरुवात केली. जादूगारीण कुठेही जाऊ शकते, पण तिला फासा टाकावा लागतो. पोचेलच असं नाही. साधक फक्त आपल्या घरी परततो, पण कधी चुकत नाही. वनचरी एका झाडातून त्याच जातीच्या दुसऱ्या झाडात निघते, तीही चुकत नाही. "चुकू शकते ती वाट लवकर मिळते. न चुकणारी उशिरा. तेवढंच आहे ते."

"आणि तुला तर घाई आहे." तो तिच्याकडे बघत होता. "कुठे जायचंय?"

"बंगळूरला. पाच वर्षं."

वरची पानं सळसळली. त्याने मान वळवून पाटाकडे बघितलं. गप्प राहूनच हा परत जाईल, या एकाच गोष्टीची तिला भीती होती. ती खाली बसली आणि तिने बुंध्याजवळचा मुनवा, जमिनीतून वर आलेला कोवळा कोंब, त्याला दाखवला.

"केळीला बी नसतं. हा मुनवा काढून दुसरीकडे लावतात. त्याचा मुनवा आणखी कुठे. म्हणजे ही नवी झाडं नव्हेतच. किरकोळ बदल सोडले, तर ही सगळी बाग एकच केळ आहे. शेजारची बागही तीच. बंगळूरलाही हीच केळ होते, नुसतं नाव वेगळं."

सुकदेवने बुंध्यावर हात ठेवला. गार, ओलसर. त्याची नजर ओळींवरून पार लांब गेली, जिथे ऊन पानांतून हिरवं होऊन खाली उतरत होतं.

"म्हणजे... दोन झाडंच नाहीत."

"नाहीत."

"मग जायचंच कुठे? तू आहेस तिथेच असशील."

"म्हणून मला अकरावी पायरी नको," ती म्हणाली. "पहिली पुरेल. पण दुसऱ्या टोकाला कुणीतरी... केळ लावायला हवी."

तेवढ्यात नाना फावडं घेऊन आले. सुकदेव सरळ त्यांच्यापुढे गेला आणि त्याने धुळ्याच्या अंगणात लावायला एक मुनवा मागितला. नानांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं, मग लेकीकडे बघितलं. तिने मान खाली घातली.

"धुयाले लावशीन? तठी पानी पुरीन का रे त्याले?"

"पुरवीन, नाना. रोज."

दहा ठिकाणी वाकून बघून नानांनी बागेतला सगळ्यात जोमदार मुनवा खणून दिला. तेवढा होकार यामिनीला पुरेसा होता.

एसटीच्या थांब्यावर गोणपाटात गुंडाळलेला मुनवा काखेत सांभाळत सुकदेवने खिशातून निळा फासा काढला आणि तिच्या हातावर ठेवला.

"टाकू?" तिने विचारलं.

त्याने तिची बोटं फाशावर मिटवली, आणि शाळेतली भाषा सोडून घरच्या बोलीत म्हणाला, "नको. तू जठे शे, तठे मी येसु." येसु, म्हणजे येईन; त्याला फासा लागणार नव्हता.

फेब्रुवारीत बंगळूरच्या प्रयोगशाळेमागे, अनोळखी नावाच्या ओळखीच्या केळीपाशी यामिनी उभी होती. मधला पोंगा, गुंडाळलेलं नवं पान, हळूहळू उलगडत होता. धुळ्याच्या अंगणातही एक पान उलगडत होतं, कालच सुकदेवने फोनवर सांगितलं होतं. तिने बुंध्यावर हात ठेवला. गार, ओलसर.

"पोचले," ती हळूच म्हणाली.