बंद खणातले ठोकळे

वैजूने आपले सात ठोकळे हातातल्या संगणकाच्या पाटीवर नीट लावूनही घेतले नव्हते, तोच अजिंक्यने मोठ्या पडद्यावर पहिली खेळी केली: चार-चार. वैजूकडे चार ठिपक्यांचा एकही ठोकळा नव्हता. आदल्या डावात तिच्याकडे एका ठिपक्याचा नव्हता, तर या पठ्ठ्याने उघडला होता एक-एक.

"याला कळतं तरी कसं?" वैजू चिडून म्हणाली. जेवणघरातली मंडळी हसली. अजिंक्यकडून हरणं म्हणजे चंद्रावरच्या त्या वस्तीत रोजचंच झालं होतं. अजिंक्य हा संगणक-खेळाडू, शास्त्रज्ञ डॉ. हरणे यांनी घडवलेला. खेळ डॉमिनोचा. प्रत्येक ठोकळ्यावर दोन घरं, घरात शून्य ते सहा ठिपके. टोकाच्या आकड्याला आपला आकडा जुळवून ओळ वाढवायची, जुळला नाही तर ढिगातून ठोकळा उचलायचा. ज्याचे ठोकळे आधी संपले तो जिंकला.

हरण्याचं वैजूला काही वाटलं नसतं. पण त्याच संध्याकाळी हरणेकाकांनी जाहीर केलं, की सोमवारपासून चांदगाडीची वाट अजिंक्य ठरवील. आणि चांदगाडी चालवायचे वैजूचे बाबा. सावलीतल्या विवरात जाऊन बर्फ आणायचा, वाटेत धुळीखाली पोकळ्या, चाक कुठे खचेल याचा नेम नाही.

"झाकलेले ठोकळे ज्याला ओळखता येतात, त्याला झाकलेले खड्डेही ओळखता येतील," काका म्हणाले. टाळ्या पडल्या.

वैजू ताडकन उठून बाकावर उभी राहिली.

"नाही येणार! तो ओळखत नाही, तो माझे ठोकळे बघतो!"

"वैजू, खाली उतर," बाबा हळूच म्हणाले.

"नाही उतरणार. बाबा, समजा टोकाला पाच आहे आणि मी ढिगातून उचललं, तर माझ्याकडे पाच नाही हे कुणालाही कळेल. पण मी अजून काहीच खेळले नाही, तेव्हा त्याला कशावरून कळलं?"

काकांच्या कपाळावर आठी पडली. "मी तसं काहीही लिहिलेलं नाही, पोरी. हरलं की सगळ्यांनाच लबाडी दिसते."

"मग मी माझा खेळ लिहिते. त्यात खेळवा तुमच्या अजिंक्यला."

"तू लिहिणार?"

"हो, मीच!"

बोलून तर बसली, आता माघार घेतली तर सोमवारी बाबा त्या यंत्राच्या भरवशावर निघणार होते. वैजू कामाला लागली. आज्ञावली (यंत्राने काय काय करायचं, ते त्याला कळेल अशा भाषेत लिहिलेल्या सूचना) तिने शाळेत थोडीफार लिहिली होती. संगणकाला ना चित्र लागतं ना ठिपके; ठोकळा म्हणजे त्याच्या लेखी आकड्यांची जोडी, तीन आणि पाच. ओळ कितीही लांबली तरी दोन टोकांचे आकडे लक्षात ठेवले की झालं. मग नियम: जोडीतला एखादा आकडा टोकाशी जुळतो का? जुळला तर लाव, नाहीतर ढिगातून घे.

चालवून पाहिलं, तर यंत्राने पाचाला खुशाल तीन चिकटवला! वैजूने डोक्याला हात लावला. हाताने खेळताना आपण ठोकळा फिरवून लावतो, पण ते इतक्या सवयीने करतो की सांगायचं सुचतच नाही. यंत्राला तेही सांगावं लागतं. तिने आज्ञावलीत एक सूचना वाढवली: जुळणारा आकडा आत येईल असा ठोकळा फिरव.

खरी मेख पुढे होती. ठोकळे ठेवायचे कुठे? संगणकाच्या स्मृतीत (यंत्र जिथे आकडे लक्षात ठेवतं, त्या जागेत) तिने वेगवेगळे खण केले. एक तिचा, एक अजिंक्यचा, एक ढिगाचा. अजिंक्यला फक्त स्वतःचा खण आणि मांडलेली ओळ दिसणार, बाकीच्या खणांना कुलूप. आणि वर एक सूचना: कुणी बंद खण उघडू पाहिला, तर ते पडद्यावर ठळक लिही.

रविवारी जेवणघरात उभं राहायला जागा नव्हती. ठोकळे वाटले गेले. पहिली खेळी अजिंक्यची. पडद्यावर अक्षरं उमटली: "वैजूचा खण. परवानगी नाही." लगेच पुन्हा: "वैजूचा खण. परवानगी नाही." तो बिचारा कुलूप खडखडवतच राहिला. शेवटी हाताला येईल तो ठोकळा त्याने टाकला, आणि तो डाव वैजू जिंकली. मग धाकट्या वर्गातली मुलंसुद्धा जिंकली.

कुणी हसलं नाही. हरणेकाका पडद्यापाशी गेले आणि त्या ओळी पुन्हा वाचू लागले.

"मी त्याला एवढंच सांगितलं होतं, की जिंक," ते म्हणाले. "तो हजारो डाव स्वतःशीच खेळून शिकला. ज्या युक्तीने जिंकता येतं, ती धरून ठेवायची. दोघांचे ठोकळे मी एकाच ठिकाणी उघडे ठेवले होते, तेव्हा सगळ्यात सोपी युक्ती तीच निघाली. लबाडी म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नाही गं."

"नसेल ठाऊक," वैजू म्हणाली. "पण विवरात त्याला ठोकळे कोण दाखवणार होतं, काका? माझे बाबा तिथे जाणार होते."

काकांनी मान खाली घातली. मग सगळ्यांदेखत म्हणाले, "चुकलो. अजिंक्य गाडीत बसणार नाही."

"काढून टाकू नका त्याला," वैजू म्हणाली. "बंद खणांच्या खेळात शिकवा. हरू दे खुशाल."

अजिंक्य हरला, सगळ्यांकडून हरला. पण हरता हरता तो अनुमान (दिसतंय त्यावरून न दिसणाऱ्याचा बांधलेला अंदाज) करायला शिकू लागला. कुणी कुठल्या आकड्याला अडलं, कुणी काय राखून ठेवलं, यावर त्याचं लक्ष राहू लागलं. मग काकांनी त्याला वाटांचे नकाशे दिले: मातीचा रंग, चाकाखालचा हादरा, खचलेल्या जागांची जुनी माहिती.

पुढच्या वर्षी बाबा त्याची परीक्षा घ्यायला बसले. विवराच्या काठाचं एक चित्र दाखवून त्यांनी विचारलं, "या धुळीखाली काय आहे?"

पडद्यावर अक्षरं उमटली: "माहीत नाही. आधी काठीने चाचपून बघा."

बाबा हसले आणि हरणेकाकांकडे वळून म्हणाले, "आता चढवा याला गाडीत."