बदनापूरच्या घरातलं बंद नेट

"माझं नेट कोण बंद करून राह्यलं, तेवढं सांगा," मीना म्हणाली.

जालन्यातल्या नागसेनच्या कचेरीत लोक यायचे ते सोयरिकीआधीची चौकशी करून घ्यायला. सातव्या महिन्यातली बाई नेटसाठी खाजगी गुप्तहेराकडे येते, हे त्याचा जोडीदार कडूबा याला पटेना.

"कंपनीच्या माणसाला बोलवा ना, ताई."

"दीर बोलवू देत न्हाईत. दवाखान्याचं सांगून आले."

तिचा नवरा अंगद आखातात क्रेन चालवायचा. तिथून व्हिडिओ कॉल लागत नाही म्हणून त्यानंच दोघांच्या फोनमध्ये व्हीपीएन, म्हणजे आडवाटेनं नेट जोडणारं ॲप, टाकलं होतं. रोज कॉल यायचा. पंधरवड्यापासून तिच्या फोनवर काहीच उघडेना. साधा फोन लावावा, तर अंगदचा बंद.

"दिरांनी फोन बघायला घेतला, तवापासूनच. म्हणतात, व्हीपीएननंच घरचं नेट बिघडवलं."

"मंग काढून टाका की ते!" कडूबा म्हणाला.

"त्याला हात लावू नको, असं हे सांगून गेलेत."

नागसेननं कडूबाला शिडी घ्यायला सांगितली.

*संशयित पहिला: राउटर*

नेटवाले म्हणून दोघं बदनापूरच्या घरी पोचले. राउटरचे दिवे हिरवे होते. कडूबानं टीव्ही लावला, तो लगेच चालला. नागसेननं मीनाचा फोन कडूबाच्या मोबाईलच्या नेटला जोडून पाहिला. तिथंही काही उघडेना.

"म्हंजे राउटर सुटला?"

"बाइज्जत."

सासू सोनूबाई चहा घेऊन आल्या. डोळे सुजलेले. "कांदा चिरून राह्यले," त्या कुणी न विचारताच म्हणाल्या. देवघरातली फुलं वाळून कोळ झाली होती. समईत तेल नव्हतं.

"पूजा नाही केली, मावशी?"

"गुडघे धरलेत, बाबा."

*संशयित दुसरी: शेजारीण*

साळूबाई दारात डोकावली. तीच वायफाय चोरत असेल, असा कडूबाचा वहीम; त्यानं तो बोलूनही दाखवला.

"अगं बया! मला फोन उचलायचा कळंना, अन् नेट चोरू?"

मीनानं चहा पुढे केला. साळूबाईनं तो घेतला नाही, पाणीसुद्धा नाही. मीनाच्या पाठीवरून हात फिरवून ती लगबगीनं निघाली.

"एरवी बशीभर पिऊन वर अजून मागतात," मीना म्हणाली.

*संशयित तिसरा: दीर*

सोमेश्वर नुकताच धावड्याहून, शेतावरून आला होता. मे महिना, डोक्यावर पंखा, तरी टोपी कानापर्यंत ओढलेली.

"फोड झालेत डोक्यात. जल्दी आटपा तुमचं."

नागसेननं मीनाच्या फोनचं सेटिंग उघडलं, पाहिलं आणि कडूबाला म्हणाला, "शिडी गाडीवर ठेव. काम झालं."

"सगळ्यांसमोर सांगा," मीना म्हणाली.

नागसेननं खुर्ची तिच्याकडे सरकवली. मग म्हणाला, "ताई, आधी बसा. घरचं नेट कधी बिघडलंच नव्हतं. व्हीपीएन जोडलेलं नसेल तर फोननं दुसऱ्या कुठल्याच वाटेनं नेट घेऊ नये, अशी एक सोय असते. ती कुणीतरी चालू केली आणि व्हीपीएनचा पासवर्ड बदलला. ते जोडलं जाईना, म्हणून सगळंच बंद. तुमचा फोन हाताळला होता फक्त सोमेश्वरनं."

"पण कशापायी?" कडूबानं विचारलं.

"पोटुशी बाईला वाईट बातमी सांगत नाहीत. फोनवर ती आपोआप आली असती. यांनी ताईंपासून सगळं लपवलं, पण सुतक मोडायची छाती झाली नाही. देवापुढे दिवा लावला नाही. शेजारणीनं या घरचं पाणी घेतलं नाही. आणि भावानं..."

सोमेश्वरनं टोपी काढली. डोकं गुळगुळीत होतं.

"क्रेन उलटली, वहिनी," तो म्हणाला. "परवा पेटी आली, दादाला धावड्यालाच अग्नी दिला. म्हटलं, बाळंतपण होऊ द्यावं."

मीना कोसळणार म्हणून कडूबानं हात पुढे केले. ती भिंतीला धरून उठली आणि सोनूबाईंजवळ गेली. त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता.

"काढा तो पदर, आत्या," मीना म्हणाली. "तुमचं लेकरू गेलं, अन् माझ्यापायी तुम्हाला रडता बी आलं न्हाई. रडा आता मोठ्यानं."

सोनूबाईंनी हंबरडा फोडला. गल्लीतली दारं एकेक करून उघडली. बायका पदर सावरत आत येऊ लागल्या. काय झालं, असं एकीनंही विचारलं नाही.