मक्यासकट मोजलेली जीप

पेट्रोल पंपाच्या रांगेत मी तोंड बंद ठेवलं असतं, तर पुढचा सगळा वैताग टळला असता. पण पुढच्या जीपखाली नजर गेली आणि मला राहवेना. जुनी जीप, मोठाले टायर, त्यासाठी उंच केलेले स्प्रिंगचे कमानपाटे... आणि गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलला जाणारा शाफ्ट इतका तिरका, की बघूनच माझं डोकं उठलं.

"साठच्या पुढं थरथरते ना?" मी विचारलं.

जीपवाला वळला. आधी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या ग्रीस लागलेल्या बाहीकडं, मग परत माझ्याकडं – जरा जास्तच वेळ.

"लई थरथरते. पण तुम्हाला कसं कळलं?"

तो बन्सी. सिल्लोडचा, मक्याचा व्यापारी. मी त्याला शहरात, गारखेड्यातल्या आमच्या गॅरेजचा पत्ता दिला. इथवर चूक माझीच होती, हे मान्य.

माझ्या वडिलांचे, म्हणजे आप्पासाहेबांचे गुडघे गेल्यापासून गॅरेज मी बघत होते. पण शेजारच्या टायरवाल्याला आमची जागा भाड्यानं हवी होती आणि आप्पांचं मन अर्धं तिकडं झुकलेलं. कावेरीच्या, म्हणजे माझ्या, हातून एक अवघड काम नीट झालं तर गॅरेज चालू राहील, नाहीतर जागा तुझी, असं त्यांनी त्याला सांगून टाकलं होतं. माझा सगळा जीव त्या गॅरेजात होता. आणि ते अवघड काम ही जीप घेऊन आली.

तसं काम समजायला सोपं होतं. शाफ्टच्या दोन्ही टोकांना सांधे असतात आणि दोन्हीकडचा कोन सारखा लागतो. एकीकडं कमी, एकीकडं जास्त झाला की शाफ्ट फिरताना झटके देतो. मी गिअरबॉक्स थोडा खाली घेतला, अ‍ॅक्सल आणि कमानपाट्यांच्या मध्ये लोखंडी पाचर घातली, कोनमापक लावून दोन्ही बाजू जुळवल्या. चक्कर मारायला बन्सीनं मला शेजारी बसवलं. जालना रोडवर ऐंशीच्या वेगात जीप मुकाट चालली. तो मात्र रस्त्याऐवजी माझ्याकडंच बघत होता. समोर बघा, म्हणून मला दटावावं लागलं.

आठवड्यानं, मंगळवारी, स्वारी परत हजर. थरथरते, म्हणे. मी चक्कर मारली – काही नाही. कोन मोजले – चोख. तो गेला आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा दारात! तोवर टायरवाला फीत घेऊन येऊन आमची जागा मापून गेला होता. आप्पा खुर्चीत बसून नुसते सुस्कारे टाकत होते.

मला वाटायला लागलं, हा सगळा बहाणा आहे. दरवेळी चकचकीत धुतलेली जीप, इस्त्रीचा शर्ट, चापून बसवलेले केस... आणि वैताग असा, की तो बहाणा मला आवडायलाही लागला होता. मंगळवार आला की मीच रस्त्याकडं बघायची. स्वतःचाच राग यायचा.

शेवटी मी स्पष्ट म्हटलं, यायचंच असेल तर खुशाल या, पण माझ्या कामाला नावं ठेवत येऊ नका. त्याचा चेहरा उतरला. "खोटं नाय बोलत मी," एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

तो उतरलेला चेहरा काही डोळ्यांपुढून हलेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटीनं थेट सिल्लोड गाठलं.

त्याच्या दुकानापुढं जीप उभी होती आणि मागून पार बसली होती. मक्याची पोती छपरापर्यंत, त्यांना टेकून त्याची आई, मनकर्णाबाई. शहरातल्या पशुखाद्याच्या दुकानांत रोज असाच माल जायचा, आणि सौदा आईच करायची.

मी कपाळाला हात लावला. मागं एवढं वजन पडल्यावर गाडीची शेपूट बसणार, तिच्याबरोबर गिअरबॉक्स कलणार, आणि रिकाम्या गाडीवर जुळवलेले माझे कोन मातीत जाणार! मग गॅरेजला येताना ही पोती कुठं जातात, मी विचारलं. बन्सी उगाच एका पोत्याची दोरी आवळायला लागला.

"तुमच्याकडं यायचं म्हणलं की समदं उतरवतो," त्याची आई म्हणाली. "गाडी धुतो, पुसतो. मला बी बसू देत नाय."

"त्यांच्या दारात भुसा सांडायचा का मग?" तो पुटपुटला.

"त्या भुशापायी माझं गॅरेज चाललंय हातचं," मी म्हणाले, आणि रस्त्यातच माझे डोळे भरून आले. मग टायरवाल्याचं सगळं सांगितलं. त्यानं तडक जीपचं दार उघडलं.

"चला," तो म्हणाला. "मक्यासकट."

गारखेड्यात आमच्या अंगणभर भुसा झाला. मी जीपखाली शिरले, आई वर पोत्यांना टेकून बसून राहिली आणि तेवढ्या वेळात तिनं माझं शिक्षण, वय, गाव सगळं विचारून घेतलं. मी पाचर बदलली, कोन पुन्हा जुळवले. या वेळी चक्कर मारायला आप्पा स्वतः पुढं बसले. परत आले ते काठी टेकत सरळ शेजारी गेले आणि टायरवाल्याला दुसरी जागा बघायला सांगून आले.

मी हात पुसत होते. बन्सी जवळ आला.

"आता थरथरत नाय," तो म्हणाला. आवाजात आनंद कमीच होता. "पण... पुढच्या सीटवर रोज अजून एक माणूस बसलं, तर परत मोजावं लागंल का?"

"किती वजनाचं माणूस?"

"तुमच्याएवढं."

महिनाभर माझा जीव खाऊन हा माणूस हे आत्ता विचारत होता!

"पुढच्या वजनानं मागं फारसा फरक पडत नाही," मी म्हणाले. "पण ते माणूस गॅरेज सोडणार नाही. रोज इथं आणून सोडावं लागेल."

"गाडी रोज इकडंच येती की."

"आणि धुवायची नाही."

तो हसला. मी काही हसले नाही, पण सीटवरचा भुसा हातानं झटकून पुढं जाऊन बसले.