पाण्याची शीव

"केतिलला मला तुरुंगात बघायचंय," गुद्नी म्हणाली. "दारू ढोसून त्यानं इंजिन बंद पाडलं आणि माझा नवरा बुडाला. सोमवारी चौकशीला न्यायाधीश येतोय. तोवर मला पुरावा हवा."

सोल्रूनने खडीसाखरेचा खडा दातांत धरून कॉफीचा घोट घेतला. आकुरेरी शहराच्या तारघरात तिने वीस वर्षं लोकांचे निरोप ऐकले होते, आता ती लोकांच्या भानगडी सोडवून पोट भरत असे. सोबतीला ब्रांदुर, निवृत्त पोलीस. त्याची बुद्धी सावकाश चाले आणि जबडा भरभर.

"पूर्वी एका हेरिंग माशात पाव झाकायचा," त्याने ताटलीकडे बघत कुरकुर केली. "आता तीन लागतात."

"भूक वाढलीय तुझी," सोल्रून म्हणाली.

गुद्नीने ताटली उचलून नेली. घरात अन्न नाही असं क्रोसविक गावात कुणाला म्हणवत नाही, पण १९६८ चा तो उन्हाळा वाईटच होता. तीन वर्षं हेरिंग येत नव्हती. गावची निम्मी घरं बंद होती.

कोपऱ्यातला रेडिओ सांगत होता, "संशोधन जहाजाचं निवेदन. थंड पाणी यंदा थेट किनाऱ्याला लागलं आहे. उबदार पाण्याची शीव नेहमीच्या जागेपासून दोनशे मैल पूर्वेला सरकली..."

गुद्नीने खटकन रेडिओ बंद केला. "समुद्र शिकवायला निघालेत! चाळीस वर्षं शीव साठ मैलांवर आहे. माझा सासरा तिथेच जाळं टाकायचा."

शीव म्हणजे जिथे ऊन पाणी संपतं आणि गार पाणी सुरू होतं ती रेघ. हेरिंग तिथेच गोळा होते. म्हणून या किनाऱ्यावरचा प्रत्येक तांडेल, म्हणजे बोट हाकणारा, तासातासाला बादलीभर समुद्र वर ओढतो, त्यात तापमापक बुडवतो आणि आकडा वहीत लिहितो.

"तुमचे पती कुठे सापडले?" सोल्रूनने विचारलं.

"तिसऱ्या दिवशी. टेकाडामागच्या सीलांच्या खाडीत, बुडत्याला टाकतात त्या कड्यात हात अडकवलेले." तिचा आवाज जराही हलला नाही. "समुद्र माणसाला घरी आणून सोडतो म्हणतात."

बुडालेल्या स्टेंडोरचा धाकटा भाऊ ह्याल्ती धक्क्यावर जाळं शिवत बसला होता. त्या दिवशी बोटीवर तिघेच होते, स्टेंडोर, तांडेलाची वही लिहिणारा ह्याल्ती आणि खाली इंजिनावर केतिल.

"पहाटे तीनला निघालो. दहाला शिवेवर पोचलो," ह्याल्ती म्हणाला. "दोनच्या सुमारास इंजिन बंद पडलं. दादा मागे वाकून बघायला गेला तो तोल जाऊन पडला. मी कडं फेकलं, पण धुक्यात तो लांब गेला. मी लगेच रेडिओवरून जागा कळवली. पंधरा मिनिटांत गावची बचावबोट निघाली. पण साठ मैल म्हणजे साठ मैल."

"वही?"

त्याने आढेवेढे न घेता वही दिली. अक्षर नीटस होतं. सगळ्या वाटेवर पाणी सहा अंश. दहा वाजता दीड अंश, पाण्याचा रंग बदलला, पक्षी पुष्कळ.

"जाळं बरंच फाटलंय," ब्रांदुर म्हणाला. "फाटलंय कसलं, सुरीनं कापलंय."

"जुनं झालंय," ह्याल्ती म्हणाला आणि शिवू लागला.

सोल्रूनने शेजारची बादली धक्क्यावरून पाण्यात सोडली. वर ओढून तिने तापमापक बुडवला आणि ब्रांदुरला दाखवला. दीड अंश.

"अगं, आज थंडी आहे," तो म्हणाला.

केतिल आपल्या खोपटात चुलीपाशी बसला होता. त्याच्या तोंडाला दारूचा वास नव्हता.

"ईस्टरपासून थेंब घेतला नाही. पण आधी तीस वर्षं घेतलीय ना! या गावात मी शिंकलो तरी दारूनं शिंकलो. बाई, माझा परवाना गेला की मी संपलो. मला दुसरं काही येत नाही."

त्याने इंजिनाची वही पुढे केली. ती तेलकट होती, पण आकडे स्वच्छ होते. पूर्ण वेग अर्धा तास. मग मंद, थांबा, मंद. दोन वाजून पाच मिनिटांनी दट्ट्या गचकला, इंजिन बंद. तीनला चालू. मग रात्री साडेनऊपर्यंत मंद, गोल गोल. शेवटी पूर्ण वेग अर्धा तास. बाजूला, इंजिन गार करायला आत येणाऱ्या पाण्याचं तापमान: धक्का सोडल्यापासून परत येईपर्यंत दीड.

"वर आलात तेव्हा किनारा दिसला?"

"स्वतःचा हात दिसत नव्हता. ह्याल्ती म्हणाला शिवेवर आहोत. मी म्हटलं, अर्ध्या तासात? तर म्हणाला, तू शुद्धीवर आहेस का!"

संध्याकाळी गुद्नीच्या स्वयंपाकघरात ह्याल्ती आणि केतिलसकट सगळे बसले. ब्रांदुर सोल्रूनच्या कानाशी लागला, "तांडेलाची वही एक सांगते, दारुड्याची वही दुसरं. न्यायाधीश कुणाचं ऐकेल?"

"समुद्राचं," सोल्रून मोठ्याने म्हणाली. "ह्याल्ती, तुम्ही बादली टाकलीच नाहीत. टाकली असतीत तर धक्क्यापाशीच दीड अंश लागला असता. पण इथे पाणी सहा असतं, शीव साठ मैलांवर असते, हे जन्मापासून माहीत असताना बादली कोण टाकतो? तुम्ही वडिलांच्या वेळचा समुद्र वहीत उतरवलात. तो समुद्र आता तिथे नाही."

सोल्रूनने केतिलची वही शेजारी उघडून ठेवली.

"म्हणजे केतिलची वही खरी. अर्ध्या तासात बोट कुठे पोचते? सीलांच्या खाडीत. तिथे हेरिंगची पिल्लं वाढतात, म्हणून तिथे जाळं टाकायला बंदी आहे. धरलं तर बोट आणि परवाना दोन्ही जातात. ब्रांदुर, भूक नाही वाढली तुझी, मासा लहान झालाय. दोन वाजता तुमचं जाळं बोटीखालच्या पंख्यात गुंतलं, म्हणून इंजिन गचकलं. ते सोडवताना स्टेंडोर पडला. जाळं तुम्ही नंतर सुरीने कापलंत."

"मी कडं फेकलं होतं!" ह्याल्ती ओरडला. "वाटलं, आत्ता ओढून घेईन. रेडिओवर अख्खा किनारा ऐकत असतो. खाडीत आहोत असं कसं सांगणार? तोंडातून शीव असं निघालं. मग तो दिसेना, आणि मग... शब्द बदलायला तोंड उघडेना."

"बचावबोट टेकाडाला वळसा घालून उत्तरेला गेली," सोल्रून म्हणाली. "तुमच्याच खाडीच्या तोंडावरून."

केतिल उठून उभा राहिला होता. ब्रांदुरने त्याचा दंड धरला, पण त्याला कुणाला मारायचं नव्हतं. तो फक्त गुद्नीकडे बघत होता. "तीन आठवडे तुम्ही मला खुनी म्हणताय," तो म्हणाला.

"गुद्नी," सोल्रूनने हळूच विचारलं, "हे मासे मिठात कुणी घातले?"

"मी."

"बोटाएवढी पिल्लं. कुठली ते कळलं नाही?"

गुद्नीने टेबलावरचा मेणकपडा सारखा केला.

"स्टेंडोर तयार नव्हता," ती म्हणाली. "पिल्लं धरणं पाप आहे म्हणत होता. मीच म्हटलं, बाहेर काही नाही, खाडीत जा. कुणी विचारलं तर शिवेवर होतो म्हणून सांगा, कोण बघायला येतंय. दोघांकडून घोकून घेतलं मी ते."

मग ती सोल्रूनकडे वळली.

"तो किती वेळ जगला असेल?"

"त्या पाण्यात, लोकरी कपड्यांत, कड्याच्या आधारानं... पाऊण तास."

"आणि बोट पंधरा मिनिटांत निघाली होती. खाडी इथून अर्ध्या तासावर."

"हो."

"त्याला तिचा आवाज आला असेल," गुद्नी म्हणाली. तिने कागद पुढे ओढला आणि न्यायाधीशासाठी पहिलं वाक्य लिहिलं, केतिल शुद्धीवर होता.