चालण्याची दहा मिनिटं

सकाळी सव्वाअकरा वाजता कागदाचा गठ्ठा उचलताना तिची कंबर धरली. वाकली ती वाकलीच. आत्याच्या बाइंडिंगच्या दुकानातून दोघींनी मिळून दवाखाना गाठला.

"झोपून राहू नका," व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं. "चाला. पण दहाच मिनिटं! कळ पायात उतरली, तर तिथेच थांबायचं. वाढवायचं ते मी सांगितल्यावर."

हात सदा खळीने माखलेले, म्हणून तिने घड्याळ कधी बांधलंच नव्हतं. दवाखान्याच्या दाराजवळच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे ती पाहत राहिली, तेव्हा कमरेला पट्टा बांधलेला एक तरुण म्हणाला, "ते बंद आहे. माझं तीनदा सांगून झालं."

तो घड्याळजी होता. दिवसभर वाकून बसून त्याचीही तीच गत झालेली.

"वेळ मी बघतो," तो म्हणाला. "तुम्ही गप्पांचं बघा."

दवाखान्यामागच्या रस्त्यावर ते रोज चालू लागले. पायरी आली की तो न बोलता कोपर पुढे करायचा... आणि ती तो धरायची.

"झाली दहा?"

"अजून दोन—"

"घड्याळ भारीच आळशी आहे हो तुमचं."

"मालकावर गेलंय."

त्या तीन आठवड्यांइतकं हलकं तिला पुढे कधीच वाटलं नाही. चौथ्या आठवड्यात कळ थेट घोट्यापर्यंत उतरली. तो दुकानाच्या दारात आला, मान खाली घालून.

"मी चावी बाहेर ओढून काटे थांबवायचो. दहाची वीस मिनिटं व्हायची... तुम्ही लगेच जाऊ नये म्हणून."

"माझी कंबर होती ती," ती म्हणाली. "येऊ नका आता."

तो आला नाही. आत्या पुटपुटली, "चोर होता, पण गोड होता मेला."

अकरा वर्षं झाली. बाईंना विचारून विचारून ती चाळीस मिनिटांवर पोचली. वेळ आता स्वतःच्या मनगटावर बघते. गेल्या मंगळवारी त्याच रस्त्यावर समोरून तो आला. कानापाशी पिकलेला, पण पाठ ताठ.

"चालू सोबत? घड्याळ घरी ठेवून आलोय."

ती सरकली, तेवढी जागा त्याला पुरली. चार दिवस दोघं हवापाण्यावर बोलले. शनिवारी त्याने धीर केला.

"त्या वर्षी तुम्हाला एक विचारायचं राहिलं. म्हणजे... तुम्ही माझ्याशी—"

"चाळीस झाली," ती म्हणाली.

तो पाऊल उचललेलं तिथेच टेकवून थांबला. तोंडातला शब्दसुद्धा तोंडातच. ती त्याच्याकडे पाहत राहिली; हसू काही लपेना.

"बाकीचं सोमवारी," ती म्हणाली.

आज सोमवार. सकाळी आठलाच ती दवाखान्यात जाऊन आली. चाळिसाची पन्नास मिनिटं करता येतील का, एवढंच विचारायला. संध्याकाळी चालण्याआधी कंबर तपासून सांगते, असं बाई म्हणाल्या आहेत.