पिवळा म्हणजे शून्य

"आई, दोनच घेतेय… हो गं, नारिंगीच," फोनवर सांगता सांगता त्रिवेणीनं काचेवर बोट टेकवलं. आतले दोन क्लाउनफिश अंग वळवत थेट तिच्या बोटाशी आले.

अफझलगंजच्या त्या माशांच्या दुकानात ती घाईघाईनंच शिरली होती. नल्लकुंट्यात, घराच्या तळमजल्यावर तिचा लहान मुलांच्या दातांचा दवाखाना होता. मुलं आत यायच्या आधी बाहेरच्या बाकावरच भोकाड पसरायची. त्यांचं लक्ष दुसरीकडे लागावं म्हणून तिनं तिथं खाऱ्या पाण्याची मोठी टाकी बसवली होती. आता मासे सोडले की झालं, असं तिला वाटत होतं.

"टाकी सायकल झालीय का तुमची?" शेजारून मराठीत आवाज आला.

तिनं वळून पाहिलं. एक उंच, शर्टाच्या बाह्या दुमडलेला माणूस मिठाचा डबा हातात धरून उभा होता.

"सायकल?" ती म्हणाली. "टाकी मी ऑटोनं आणली."

त्यानं हसू गालातच ठेवलं. "पाणी कधी भरलंत?"

"काल. मीठ मोजून घातलंय, खारेपणाही मोजलाय."

"मग हे दोघं रविवार बघणार नाहीत."

"मेरे गिराकां कू कायकू डरा रे, केदारभाई?" दुकानदार जाळी हातात घेऊन हसला. मग डोकं खाजवत म्हणाला, "पन बात सच्ची है, मॅडम."

केदार उदगीरकर जामबागच्या एका कॉलेजात गणित शिकवत होता. त्यानं तिला उभ्या उभ्याच समजावलं. मासे पाण्यात घाण करतात, त्या घाणीचा अमोनिया होतो, आणि अमोनिया म्हणजे विष. ते खाणारे जिवाणू दगडांवर वस्ती करतात. त्यांच्यातून दुसरं विष निघतं, ते खाणारे जिवाणू निराळे. ही सगळी वस्ती बसायला, म्हणजे टाकी 'सायकल' व्हायला, महिना-दीड महिना लागतो. तोवर टाकीत मासा नाही.

"आणि मासाच नसेल तर घाण कोण करणार?"

"एक सोललेली कोळंबी आणा. टाकीत टाका. सडू द्या."

"कोळंबी? आमच्या घरात अंडंही येत नाही!"

"घरात नकाच आणू," तो शांतपणे म्हणाला, "थेट टाकीत टाका."

ती चिडली, पण मासे न घेताच निघाली. जाताना त्याचा नंबर मात्र घेतला.

कोळंबी आली. तिसऱ्या दिवशी वास सुटला. शाळेत तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेल्या तिच्या आईनं, शांताबाईंनी, नाकाला पदर लावून विचारलं, "दवाखाना आहे की मसणवाटा?" मुलं काचेला नाक लावून मासा शोधायची, सापडायची ती सडकी कोळंबी. पण एक खरं – ती बघण्याच्या नादात रडायची विसरायची.

दर मंगळवारी आणि शनिवारी केदार यायचा. फोटो पाठवला तर म्हणायचा, "फोटोत रंग कळत नाही." काचेच्या छोट्या नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, दोन बाटल्यांतले आठ-आठ थेंब सोडायचे, झाकण लावून हलवायचं, आणि पाच मिनिटं थांबायचं. मग नळी रंगांच्या तक्त्याशेजारी धरायची. पिवळा म्हणजे शून्य. जितका हिरवा, तितकं विष जास्त.

"सांगा, काय दिसतंय?" तो प्रत्येक वेळी तिलाच विचारायचा.

"हिरवा. गडद."

तो वहीत आकडा लिहायचा, आलेखावर टिंब द्यायचा.

"विद्यार्थ्यांनाही असंच विचारता?"

"विचारतो. ते उत्तर देत नाहीत." आलेखाकडे बघतच तो म्हणाला, "तुम्ही देता… म्हणून येतो."

त्रिवेणीनं नळीचं झाकण उगीचच घट्ट केलं. ते आधीच घट्ट होतं.

ती पाच मिनिटंच खरी धोक्याची होती. करायला काही नसायचं, बोलणंच उरायचं. आपले वडील रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते, हे त्यानं अशाच पाच मिनिटांत सांगितलं. आपण इतरांच्या मुलांचे दात सांभाळतो आणि स्वतः रात्रंदिवस चिंचा खातो, हे तिनं. पुढे पुढे नळीचा रंग ठरून जायचा तरी दोघं तिकडे बघायचे नाहीत. मग शांताबाई वरून चहासाठी हाक मारायच्या.

तिसऱ्या आठवड्यात वाळूवर तपकिरी थर चढला. "गंजली वाटतं," शांताबाई म्हणाल्या. "नाही काकू, हे चांगलं लक्षण आहे," केदार म्हणाला. हिरवाही हळूहळू फिकट होत चालला होता.

चोविसाव्या दिवशी केदार आला तेव्हा त्रिवेणी एका मुलीची दाढ काढत होती. मुलीनं तिचा हात गच्च धरून ठेवला होता. "तुम्हीच बघा ना आज," त्रिवेणी आतून म्हणाली.

पाच मिनिटं झाली, बाहेर वहीची पानं उलटत होती. मग त्याचा आवाज आला, "शून्य."

"नक्की?"

"…नक्की."

दुसऱ्याच दिवशी, बुधवारी, ती अफझलगंजला जाऊन दोन्ही क्लाउनफिश घेऊन आली. नियमाप्रमाणे पिशवीत थेंबाथेंबानं टाकीचं पाणी मिसळलं, मग त्यांना सोडलं. तासाभरातच दोघं पाण्याच्या वर येऊन तोंडं उघडू-मिटू लागले. कल्ले भराभर हलत होते. एक तर तिरका व्हायला लागला. तिनं घाईनं नळी भरली, थेंब टाकले. पाच मिनिटं थांबायची गरजच पडली नाही. पाणी हिरवं झालं होतं – तक्त्यावर बघायलाच नको, इतकं स्वच्छ हिरवं.

दुपारच्या अपॉइंटमेंट पुढे ढकलून, मांडीवर माशांची पिशवी घेऊन ती ऑटोत बसली. वाटेत केदारला फोन केला. "तुम्ही पाहिलं होतं ना? तुम्ही स्वतः पाहिलं होतं ना?" पलीकडून तो एवढंच म्हणाला, "मी येतो."

दुकानदारानं लगेच मासे आपल्या टाकीत घेतले. तिरका झालेला मासा बराच वेळ एका कोपऱ्यात पडून राहिला. केदार पोचला तेव्हा तो नुकताच सरळ झाला होता.

"मला ते दोन रंग वेगळे दिसत नाहीत," केदार दारातूनच म्हणाला. "पिवळा आणि तो हिरवा. लाल-हिरव्याचाही घोळ होतो. वडिलांसारखं इंजिनवर जायचं होतं. रेल्वेच्या तपासणीत डोळ्यांवर नापास झालो. दोन वर्षांपूर्वी माझे आठ मासे असेच मेले. काल आलेखानुसार शून्य यायलाच हवं होतं, म्हणून शून्य म्हणालो."

"जिवाणूंना तुमचा आलेख माहीत नसतो." ती म्हणाली. "तुम्ही मला सांगू शकला असतात. पहिल्या दिवशी, दहाव्या दिवशी, काल तरी! पाच मिनिटं असायची ना आपल्याकडे?"

"गुलबर्ग्याच्या एका स्थळानं एवढ्यावरून नकार दिला होता. मुलं आंधळी होतील म्हणाले. त्यानंतर… मी कुणालाच सांगितलं नाही."

"मी स्थळ नव्हते," ती म्हणाली आणि निघून गेली.

त्यानंतर तो आला नाही. फोनही नाही. फक्त त्याची वही दुकानदाराकरवी आली, त्यात पुढची पानं कोरी. मंगळवारी तिनं एकटीनं नळी भरली आणि पाच मिनिटं भिंतीकडे बघत बसली. एवढी लांब पाच मिनिटं तिनं आयुष्यात काढली नव्हती. चिडून तरी किती दिवस राहणार? तो खोटं बोलला होता, हे खरं. दारात उभा राहून एका दमात सगळं बोलून गेला, हेही तितकंच खरं. तिनं वहीत टिंब दिलं. शनिवारी दुसरं. मग तिसरं.

बेचाळिसाव्या दिवशी अमोनिया पिवळा आला. दुसरं विषही शून्य. तिनं खात्रीसाठी परत तपासलं, मग दवाखान्याला कुलूप लावून सरळ जामबाग गाठलं.

कॉलेज सुटत होतं. केदार जिन्यातून उतरत होता. तिला बघून तो दोन पायऱ्या वरच थांबला.

"आलेख पुरा झाला," तिनं वही पुढे केली. "आज मासे आणायचेत. चल."

'चल' ऐकून तो गोंधळला. तिलाही उशिरानं कळलं, पण तिनं शब्द मागे घेतला नाही.

"त्रिवेणी, मी अजूनही रंग सांगू शकणार नाही," तो म्हणाला. "आंबा पिकलाय का, टमाटा कच्चा आहे का… मला जन्मभर विचारावं लागेल."

"कुणाला?"

त्यानं वही छातीशी धरली. "तुला विचारायचंय. चालेल?"

"चालेल," ती म्हणाली. "फक्त माहीत नसेल तेव्हा 'माहीत नाही' म्हणायचं. एवढं एकच."

अफझलगंजहून दोघं मासे घेऊन आले. या वेळी ते टाकीत उतरले, दगडाभोवती एक चक्कर मारली आणि तिथलेच असल्यासारखे फिरू लागले. तासभर दोघांनी नजर हलवली नाही. मग केदार उठला आणि त्रिवेणीच्या आधीच जिना चढून वर गेला.

शांताबाई ताट वाढत होत्या.

"काकू," तो उभ्यानंच म्हणाला, "मला लाल-हिरवा रंग ओळखता येत नाही. आधीच सांगायला हवं होतं. आणि मला त्रिवेणीशी लग्न करायचंय."

शांताबाईंनी आधी त्याच्याकडे, मग त्याच्या मागे उभ्या राहिलेल्या लेकीकडे पाहिलं. त्रिवेणीच्या तोंडावर जे होतं ते वाचायला त्यांना चष्मा लागला नाही.

"आंबट-तिखट कळतं ना?"

"ते कळतं."

"मग बैस," त्या म्हणाल्या आणि दुसरं ताट मांडलं. "अंबाडीची चटणी केलीय. कशी झालीय, खरं सांग."

केदारनं घास घेतला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तिखट आहे, काकू," तो म्हणाला. "फार तिखट आहे."

त्रिवेणी हसली आणि त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या आणायला वळली.