वाळूतले तीन खड्डे

"एका रांगेत! आणि प्रणव, तोंड बंद!" अजितमामा दबक्या आवाजात म्हणाला.

"पण मामा, इथे सिंह कुठे आहेत?"

"सिंह नसले तरी बायसन आहेत. त्यांना तुझी बडबड आवडत नाही."

"ती आम्हालाही आवडत नाही!" उत्तरा पुटपुटली आणि स्वानंदीला हसू आवरेना.

२०२० सालच्या जुलैतली सुट्टी होती. खरं तर या सुट्टीत स्वानंदी आणि तिचा धाकटा भाऊ प्रणव आईबाबांबरोबर झांबियाला जाणार होते. मामा तिथे लुआंग्वा नदीच्या खोऱ्यात पायी सफारीचा वाटाड्या होता. जीपमध्ये न बसवता पाहुण्यांना चालवत हत्ती आणि रानम्हशींच्या जंगलात न्यायचं, हे त्याचं काम. मार्चमध्ये तो आठवडाभरासाठी नेदरलँड्समध्ये हार्लेमला बहिणीकडे आला, कोरोनामुळे विमानं बंद झाली आणि तो इथेच अडकला. घरी आईबाबांची ऑफिसं जेवणाच्या टेबलावर भरत होती. त्यात जवळच्या उइटहॉर्न गावाहून स्वानंदीची मैत्रीण उत्तरा राहायला आलेली. शेवटी आईच म्हणाली, "दादा, या पलटणीला घेऊन बाहेर जा बाबा!"

म्हणून ही रोजची पायी सफारी, समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांमध्ये. तिथे बायसनचा कळप मोकळा फिरायचा. आपल्याकडच्या गव्याचे हे युरोपातले भाऊबंद. त्यांच्यापासून पन्नास मीटर लांब राहायचं, हा तिथला नियम. मामाचे नियम आणखी कडक होते. त्याने मूठ वर केली की थांबायचं. आणि काहीही झालं तरी पळायचं नाही!

एवढ्यात प्रणव अचानक थबकला. "मामा, हे बघ! शेण! अगदी ताजं!"

पायवाटेला लागूनच शेणाचा मोठा पो पडला होता. शेजारी गवतात अर्धवट चावलेलं गाजर होतं.

"बायसन पायवाटेच्या इतक्या जवळ येत नाहीत, असं तूच सांगितलंस ना?" स्वानंदीने विचारलं.

"आणि हा बघा तीन पायांचा प्राणी!" प्रणव ओरडला. ओलसर वाळूत तीन खड्डे उमटले होते. दोन गोल आणि एक बारीक, टोकदार.

"अरे वेड्या, ट्रायपॉड आहे तो," उत्तरा म्हणाली. "कॅमेऱ्याचा!"

मामा वाकून बघू लागला, पण तेवढ्यात त्याचा फोन वाजला. झांबियाहून होता. तिथला कॅम्प रिकामा पडला होता आणि मामाचं निम्मं लक्ष कायम त्या फोनमध्ये असायचं. "काढले असतील कुणीतरी फोटो. चला," असं म्हणून तो पुढे निघाला.

स्वानंदीचं समाधान होईना. घरी आल्यावर तिने तिथल्या वनरक्षक बाईंना, मारायकेंना, फोन केला. त्या प्रेमाने म्हणाल्या, "अगं, लोकांचा खाऊ सांडतो कधीकधी." संपलं!

"मग आपणच बघू," स्वानंदीने जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी मुलांनी मामाला त्याच वाटेवरच्या टेकडीवर बसायला राजी केलं. उत्तराने चिमूटभर कोरडी वाळू हवेत सोडली. ती त्यांच्याच अंगावर आली. म्हणजे खालच्या जनावरांना त्यांचा वास लागणार नव्हता. थोड्याच वेळात मामाचा फोन वाजला आणि तो बोलत बोलत टेकडीच्या मागे उतरला.

"ताई, तो बघ!" प्रणव कुजबुजला.

हिरव्या टोपीचा एक माणूस खाली आला. त्याने ट्रायपॉड उभा केला, पिशवीतून गाजरं काढली आणि झुडपापासून थेट पायवाटेपर्यंत टाकत आणली!

"उत्तरा, फोटो काढ! आणि मारायकेंना फोन कर!"

झुडूप हललं. एक तांबूस पिल्लू बाहेर आलं आणि गाजरं खात खात वाटेकडे सरकू लागलं. त्याच्या मागोमाग आई आली, चांगली दांडगी. आणि नेमकी तेव्हाच वळणापलीकडून एक बाई सायकलवरून येताना दिसली. पुढच्या खुर्चीत तिचं छोटं मूल होतं!

"प्रणव, मामाला घेऊन ये!" असं म्हणत स्वानंदी टेकडीच्या आडोशाने खाली उतरली. वळणाच्या अलीकडे तिने दोन्ही हात पसरून सायकल थांबवली. "पुढे बायसन आहे. पिल्लासकट," तिने डचमध्ये हळूच सांगितलं. बाईने मुलाला उचलून पोटाशी धरलं.

माणूस मात्र फोटोच्या नादात पिल्लाच्या अगदी जवळ गेला होता. बायसनने शेपटी उभारली, मान खाली घातली आणि खुराने वाळू उडवली. आता कुठे त्याचं तिच्याकडे लक्ष गेलं! तो पळायला वळला.

"नीत रेनन! पळू नका!" स्वानंदी जीव खाऊन ओरडली.

तो जागीच खिळला. टेकडीवरून मामा आला, धावत नाही, तर संथपणे चालत. "तिच्याकडे पाठ करू नका. मागे या. हळू," तो इंग्रजीत शांतपणे सांगत राहिला. माणूस एकेक पाऊल मागे येऊ लागला. पिल्लू आईच्या पोटाखाली शिरलं. बायसन जोरात फुरफुरली आणि पिल्लाला घेऊन झुडपात दिसेनाशी झाली.

मारायके येऊन पोचल्या, तोवर माणसाला कंठ फुटला होता. "मी तिकडे लांब उत्तरेतल्या ग्रोनिंगनचा. आज पहिल्यांदाच आलोय इथे. गाजरं कुणाची, मला काय ठाऊक!"

"किती छान ट्रायपॉड आहे!" स्वानंदी भाबडेपणाने म्हणाली. "या ओल्या वाळूत उभा राहील?"

"राहील की!" त्याने खुशीत तो रोवून दाखवला आणि उचलला. खाली दोन गोल खड्डे आणि एक टोकदार! एका पायाचं रबरी टोपण गळून पडलं होतं.

स्वानंदीने चार हात पलीकडे बोट दाखवलं. "हे खड्डे कालचे आहेत. तुम्ही आज पहिल्यांदा आलात ना?"

उत्तराने फोन पुढे धरला. फोटोत हिरवी टोपी होती आणि मूठभर गाजरं. माणसाचे कान लाल झाले. मारायकेंनी त्याला बाजूला नेऊन दंड ठोठावला आणि परत आल्यावर मुलांना म्हणाल्या, "माणसांच्या हातचं खायची सवय लागली असती, तर त्या कळपाला इथून हलवावं लागलं असतं. कालच मी तुमचं ऐकायला हवं होतं."

रात्री जेवताना आईने सगळं ऐकलं. तिचा घास हातातच राहिला. "स्वानंदी, भीती नाही वाटली?"

"वाटली ना! घरी येईपर्यंत पाय लटपटत होते."

"माझेही," मामा म्हणाला.

"तुझे?" प्रणवने विचारलं.

"खरंच सांगतो. पिल्लाची आई समोर आली की दर वेळी लटपटतात. पण काल ती खूण समोर असताना मी फोनवर बोलत बसलो आणि तुम्ही डोळे उघडे ठेवलेत. लुआंग्वाच्या रानात मी तुमच्या मागून बिनधास्त चालेन!"

"सुनेत्रा, तुझी पोरं माझ्यापेक्षा तयार आहेत," तो आईला म्हणाला. आईने तिघांच्याही पानात आणखी एकेक पुरणपोळी वाढली.